अर्धी गाडी

न्हाव्याच्या गोदीतून टेम्पो आला रात्री अडीचला,
ताडपत्रीखाली अर्धी गाडी.
अर्धी म्हणजे अर्धीच:
पुढचे दिवे, इंजिन, डॅश, दोन सीटा,
आणि सीटांच्या मागे एकदम मिरकरवाडा.

कागदावर तिला गाडी म्हटलेलं नव्हतं.
अख्खी आणू देत नाहीत,
म्हणून योकोहामात कुणीतरी दारांमागून करवत चालवलेली,
सुरमईचा तुकडा पाडावा तशी, न थांबता.
मग वजनावर भंगार.
पत्र्याची कुसळं अजून हाताला लागत होती.

अदनान होडेकरनं होडीतला आपला अर्धा वाटा विकला होता.
त्याची आई म्हणाली,
अर्ध्या होडीची अर्धी गाडी, हिशेब चोख आहे.

मी ट्रॉलरची इंजिनं बांधणारा माणूस.
डिझेल, सहा सिलिंडर, कोपरापर्यंत काळे हात.
हे लाल झाकणाचं इंजिन पाहिलं
आणि आधी हात धुऊन आलो.

आरसा होता तिथेच होता.
सीटवर बसून सवयीनं वर पाहिलं,
तर मागची काच नाही, डिकी नाही,
जाळं सांधत बसलेला अब्बास, त्याची विडी,
सुकत घातलेल्या मासळीवर टपलेला कावळा.
तिकडे जपानात जे कुणी ह्यात मागे बघायचं
त्याला काय दिसत असेल? झोपलेलं पोर?
मागचा अर्धा कुठे गेला रे, मी विचारलं.
अदनान म्हणाला, मामा, मागच्याला गिऱ्हाईक नसतं.

बॅटरी जोडली, किल्ली फिरवली,
आणि डॅशखालून एक बाई बोलली.
सुजलच्या हातातला पाना पडला.
रेडिओ नव्हे. त्याचे आकडे नव्वदला संपतात,
आपली स्टेशनं त्याच्या पुढे.
पुन्हा फिरवली, पुन्हा तेच,
मऊ, घाई नसलेलं एक वाक्य.
अब्बास म्हणाला, जेवून जा म्हणतेय.
सुजल म्हणाला, सावकाश जा म्हणतेय.
अदनान म्हणाला, वायर कापा.

कापली नाही.
एकवीस दिवस लागले जुन्या सिटीच्या पोटात
ते इंजिन बसवायला, माउंट तीनदा कापून तीनदा जोडले,
आणि रोज सकाळी दुकान उघडलं
की मी आधी तिला बोलतं करायचो.

पौषात सड्यावर गेलो. गवत पिवळं, कातळ कोरडा,
रत्नागिरीची चार, लांज्याची दोन, अशा सहा गाड्या.
पाच हजार सातशेला आवाज फिरला,
डबलबारीत बुवा गजर चढवतो तसा,
टिटव्या ओरडत उठल्या
आणि माझ्या पायाच्या तळव्यांना तो आवाज
कातळातून आधी कळला.
दोनदा जिंकला. तिसऱ्यांदा ॲक्सल तुटला,
गाडी जांभ्याच्या गडग्यावर.
पोराला खरचटलं नाही, एवढं मिळालं.
इंजिन कोल्हापूरचे नेऊन गेले,
होडीच्या वाट्यापेक्षा कमी भावात.
अदनान आता त्याच होडीवर पगारी आहे.

उरलेल्यातली एक सीट तांडेलानं केबिनमध्ये लावली,
दुसरीवर मांजर.
आवाजाचा डबा मी उचकटून घेतला,
माझ्या बाकाखाली, बारा व्होल्टवर, बटणासकट.

गेल्या महिन्यात जहाजावरचा नंदू शिवलकर आला,
ऐकून हसायलाच लागला.
टोलनाक्याचं कार्ड घातलेलं नाही, म्हणते. बस.

बस?
एवढ्यासाठी एवढ्या अदबीनं?
आपल्याकडे टोलवर कोण कसं बोलतं
ते मी हातखंब्याला ऐकलंय.

अब्बासला सांगितलं नाही.
दुपारी तो आत येतो, मी बटण दाबतो.
काय म्हणतेय रे?
जेवून जा म्हणतेय.
बांगडा आहे आज, तो म्हणतो,
आणि डबा उघडतो.